डिस्क प्लेअर, टीव्ही आणि मधली एक केबल

नवा सपाट टीव्ही भिंतीवर चढला त्या रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून दादाच्या लग्नाची डीव्हीडी लावली. लग्न २००४ सालचं. प्लेअर त्यानंतर काही वर्षांनी घेतलेला, त्याच्या पाठीला एचडीएमआयची खाच होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून केबल आणली, एक टोक इकडे, एक तिकडे, आणि पहिल्याच झटक्यात चित्र आलं. आवाजही आला. सगळे खूश. मंगलाष्टकं सुरू झाली आणि आजी पडद्यावर आली. अंगाने काटकुळी असलेली आमची आजी चांगली भरलेली दिसत होती, आणि तिच्या कपाळावरचं रुपयाएवढं गोल कुंकू आडवं, अंड्यासारखं झालं होतं. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. मला मात्र राहवेना. आजी आता नाही. तिचं हलतं-बोलतं चित्र एवढंच आहे, आणि तेही चुकीच्या मापात दिसत होतं.

त्या कुंकवाच्या मागे लागून मी जे वाचलं, करून पाहिलं आणि दुरुस्ती करणाऱ्या जाणत्यांना विचारलं, त्याचा हा आढावा. डिजिटल केबलने जोडणी इतकी सोपी केली आहे, की चित्र दिसलं म्हणजे ते बरोबरच दिसतंय, असं आपण धरून चालतो. पूर्वी बिघाड लपत नसे. मुंग्या यायच्या, रंग उडायचा, पिन हलली की स्पीकर घरघरायचा. आता चित्र स्वच्छ असतं आणि तरीही चुकीचं असू शकतं. त्या चुका केबलमध्ये जवळजवळ कधीच नसतात. त्या असतात दोन टोकांच्या दोन सेटिंगमध्ये, आणि आपण पैसे मात्र खर्च करतो केबलवर.

आधी थोडं मागे जाऊ. व्हीसीआरच्या काळात टीव्हीला बाहेरून चित्र देण्याची एकच वाट होती, अँटेनाची. यंत्र एखाद्या छोट्या प्रक्षेपण केंद्रासारखं वागायचं आणि टीव्हीवर एक रिकामं चॅनेल त्याच्यासाठी जुळवून ठेवावं लागायचं. मग आली तीन रंगांची वायर. पिवळी पिन चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. त्या एकट्या पिवळ्या वायरीतून चित्राचा उजेड आणि चित्राचा रंग एकत्र कालवून पाठवलेले असतात. ते पुन्हा वेगळे करणं टीव्हीचं काम, आणि ते कधीच पुरतं जमत नाही. बारीक चौकडीचं लुगडं किंवा पट्ट्यांचा शर्ट पडद्यावर आला की त्यावर इंद्रधनुष्यासारखी वळवळ दिसायची, ती यामुळे. रंग आणि उजेड वेगळ्या वायरींनी नेणाऱ्या एस-व्हिडिओ आणि कॉम्पोनंट या जोडण्याही आल्या. कॉम्पोनंटच्या हिरव्या, निळ्या, लाल पिना चांगल्या होत्या, पण आपल्याकडे बहुतेक घरांत त्या खाचा रिकाम्याच राहिल्या.

याचं एक कारण म्हणजे पिवळ्या पिनेवर आपलं भागत होतं. १९९३ साली व्हीसीडीचं तंत्र ठरलं तेव्हा तिच्या चित्राचं माप होतं ३५२ बाय २८८ ठिपके. साध्या काचेच्या टीव्हीवर, पिवळ्या वायरीतून, ते चालून जायचं. नाटकं, भजनं, सिनेमे, मुंजी, लग्नं, सगळं व्हीसीडीवर आलं. डीव्हीडी १९९६च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये विक्रीला आली आणि तिने चित्र ७२० बाय ५७६ केलं, म्हणजे ठिपक्यांच्या हिशेबात चौपट. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा तर डिस्क भाजीबरोबर पिशवीत घालून आणण्याची वस्तू झाली. त्या काळातल्या डिस्का आजही घराघरांतल्या कपाटांत आहेत, आणि त्या लावायला आता भिंतीवर वेगळ्याच जातीचा टीव्ही आहे.

हा जातीचा फरक महत्त्वाचा आहे. डिस्कवर माहिती डिजिटल असते, म्हणजे आकड्यांत. सपाट टीव्हीचा पडदाही आकड्यांवरच चालतो, प्रत्येक ठिपक्याला किती उजेड आणि कोणता रंग हे आकडाच सांगतो. मधे पिवळी वायर घातली तर प्लेअर त्या आकड्यांची लहर बनवतो, लहर वायरीतून जाते आणि टीव्ही तिचे पुन्हा आकडे करतो. दोनदा रूपांतर, आणि दोन्ही वेळा थोडी गळती. डिजिटल केबल हे दोन्ही वळसे काढून टाकते. तिचा खरा लाभ इतकाच आहे, आणि तो मोठा आहे.

संगणकांच्या पडद्यांसाठी १९९९ साली डीव्हीआय नावाची जोडणी आली होती. ती फक्त चित्र न्यायची. हिताची, मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी त्याच पायावर घरगुती वापराची जोडणी बांधली, तिच्यात आवाज घातला आणि डिसेंबर २००२मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती जाहीर केली. काही टीव्हींच्या एका खाचेवर एचडीएमआयच्या शेजारी कंसात डीव्हीआय लिहिलेलं असतं, ती त्या जुन्या नात्याची खूण.

या केबलच्या तोंडात १९ पिना असतात. चित्राची माहिती तीन जोड्यांतून जाते आणि जुन्या आवृत्त्यांत चौथी जोडी ठेका धरते, म्हणजे कोणता आकडा कधी वाचायचा ते सांगते. आवाजासाठी वेगळी वायर नाहीच. चित्राची एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत जी क्षणभर उसंत असते, त्या उसंतीत आवाजाची पाकिटं भरून पाठवतात. गवयाने दोन ओळींच्या मधे श्वास घ्यावा आणि तेवढ्यात पेटीवाल्याने आपली जागा भरून काढावी, तसं. मला ही रचना फार सुंदर वाटते.

उरलेल्या पिना बोलण्यासाठी असतात, आणि सगळं प्रकरण समजून घ्यायला त्याच कळीच्या आहेत. पिवळी वायर एकतर्फी होती. प्लेअर ओतत राहायचा, पलीकडे कोण आहे याची त्याला खबर नसायची. एचडीएमआयमध्ये प्लेअर अठराव्या पिनेवर पाच व्होल्ट देतो, टीव्ही एकोणिसाव्या पिनेवर हजेरी लावतो, आणि मग टीव्ही आपली ओळख सांगतो: मी अमुक मापाचा, मला इतके ठिपके चालतात, आवाजाचे हे प्रकार कळतात. प्लेअर ती यादी वाचून काय पाठवायचं ते ठरवतो. ही ओळखपरेड रोज, टीव्ही सुरू केला की पहिल्या दोन-चार सेकंदांत होते. ती बिनसली की पडदा काळा राहतो किंवा ‘सिग्नल नाही’ असं दिसतं. अशा वेळी केबल फेकून देण्याआधी दोन्ही यंत्रं भिंतीवरच्या बटणाने बंद करावीत, मिनिटभर थांबावं, आधी टीव्ही आणि मग प्लेअर सुरू करावा. बऱ्याच वेळा एवढ्याने काम होतं.

आता केबलच्या किमतीबद्दल, कारण लोकांचे पैसे सर्वांत जास्त इथेच वाया जातात. दुकानात सोन्याचा मुलामा, जाळीदार वेष्टण, ‘रंग अधिक जिवंत’ असं सगळं सांगितलं जातं. आकडे पाहू. डीव्हीडीचं चित्र सरळ पाठवायला केबलमधून सेकंदाला साधारण ०.८१ गिगाबिट जावे लागतात. ब्ल्यू-रेचा सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा साधारण २.२ गिगाबिट मागतो. प्लेअर चित्र फुगवून अगदी पूर्ण एचडी, सेकंदाला ६० चित्रं पाठवत असेल तरी ४.५च्या आतच. आणि २००२ची पहिली आवृत्तीच ४.९५ गिगाबिटची होती. २००६च्या १.३ आवृत्तीत ही मर्यादा १०.२ झाली, २०१३च्या २.० मध्ये १८, २०१७च्या २.१ मध्ये ४८. म्हणजे डीव्हीडी आणि साध्या ब्ल्यू-रेसाठी ‘हायस्पीड’ लिहिलेली कोणतीही धड केबल पुरून उरते. ४के डिस्क असेल तर १८ गिगाबिटची ‘प्रीमियम हायस्पीड’ घ्यावी. ४८ गिगाबिटची ‘अल्ट्रा हायस्पीड’ खेळांच्या यंत्रांना लागते. डिस्क प्लेअरसाठी तिच्यावर जास्त पैसे घालण्याचं कारण मला दिसत नाही.

महाग केबलने रंग खुलतात हे म्हणणं तर मुळातच टिकत नाही. आकडा पोचतो किंवा पोचत नाही. केबल कमी पडली तर रंग फिके होत नाहीत, चित्र धूसरही होत नाही. पडद्यावर पांढरे ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर जातं आणि येतं, किंवा येतच नाही. हे दिसत नसेल तर केबल आपलं काम पूर्ण करते आहे. अंतर मात्र खरा प्रश्न आहे. दीड-दोन मीटरला कसलीच अडचण नाही. प्लेअर कपाटात आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर, मधे दहा मीटर, अशी सोय करायची असेल तर पूर्ण एचडीपर्यंत चांगली जाड केबल चालून जाते. ४केला मात्र पाच मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा धरू नये. तिथे आत काचेचे तंतू असलेली केबल लागते, आणि तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक प्लेअरकडेच गेलं पाहिजे. घराचं काम चालू असताना भिंतीत केबल गाडणार असाल तर मोकळी नळी टाकून घ्या, म्हणजे पुढे केबल बदलता येईल.

जोडताना वीज बंद ठेवावी, हे मी आग्रहाने सांगते. आपल्याकडे बहुतेक प्लेअर आणि सेट टॉप बॉक्स दोन पिनांच्या प्लगवर चालतात, त्यांना अर्थिंग नसतं. यंत्राच्या धातूच्या अंगाला ओल्या हाताने स्पर्श केला की बारीक झिणझिणी येते, ती त्यामुळेच. केबल ऑपरेटरची वायर तर गल्लीभर फिरून येते आणि कधीकधी भलताच करंट सोबत आणते. अशा दोन यंत्रांमध्ये चालू स्थितीत एचडीएमआय खुपसली तर आतली नाजूक चिप जाऊ शकते आणि ती खाच कायमची मुकी होते. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि केबलची वायर दोन्ही काढून ठेवाव्यात. नुसतं रिमोटने बंद करणं पुरेसं नाही.

खाच दोन्ही बाजूंनी सारखी नसते. वरची बाजू रुंद, खालची निमुळती. ती पाहून मगच दाबावी, जोर करू नये. टीव्हीला तीन-चार खाचा असतील तर ‘एआरसी’ लिहिलेली साउंडबारसाठी राखून ठेवावी आणि प्लेअर दुसरीत लावावा. मग रिमोटवरच्या ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटणाने तोच क्रमांक निवडायचा. सगळं ठीक असूनही चित्र येत नसेल तर एक जुनी गोम आहे. सुरुवातीच्या पुष्कळ डीव्हीडी प्लेअरमध्ये चित्र पिवळ्या पिनेतून जाईल असं कारखान्यातूनच ठरवलेलं असे. एचडीएमआय चालू करायला त्यांच्या रिमोटवर वेगळं बटण असतं किंवा सेटअप मेनूत जावं लागतं. मेनूच दिसत नसेल तर जायचं कसं? पिवळी वायर तात्पुरती लावायची, मेनूत बदल करायचा आणि ती काढून टाकायची.

चित्र आलं. आता कुंकू.

जुन्या टीव्हीचा पडदा चारास तीन या प्रमाणात असे, नव्याचा सोळास नऊ. २००४ सालच्या लग्नाचं चित्रीकरण चारास तीनचं होतं. ते नव्या पडद्यावर बरोबर दाखवायचं तर डावीकडे आणि उजवीकडे काळ्या पट्ट्या राहणारच. पण रिकामी जागा बघवत नाही म्हणून कुठेतरी, प्लेअरमध्ये किंवा टीव्हीत, चित्र आडवं ताणून पडदाभर केलेलं असतं. आधी टीव्हीच्या मेनूत ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडून पाहावं. प्लेअर चित्र आधीच ताणून, पूर्ण एचडी करून पाठवत असेल तर टीव्हीला ते मुळातच सोळास नऊ वाटतं, आणि तिथे काही केलं तरी मूळ माप कळत नाही. मग दुरुस्ती प्लेअरमध्ये करायची: टीव्हीचा प्रकार ‘१६:९’ ठेवून, दिलेला असेल तर ‘पिलरबॉक्स’ किंवा ‘स्क्वीझ’ हा पर्याय घ्यायचा. आमच्या प्लेअरमध्ये तो सेटअपच्या तिसऱ्या पानावर होता. उलट चूकही होते. प्लेअर अजून जुन्या टीव्हीच्या समजुतीने ‘४:३’वर ठेवलेला असेल तर सोळास नऊचा सिनेमा चारही बाजूंनी काळ्या चौकटीत, छोटा होऊन बसतो. तपासायला सोपं साधन म्हणजे समोरून दिसणारी कोणतीही गोल वस्तू. भिंतीवरचं घड्याळ, गाडीचं चाक, कपाळावरचं कुंकू.

याच्याच शेजारची एक चूक म्हणजे कडा कापल्या जाणं. काचेच्या टीव्हीच्या काळात चित्राची कड पडद्याआड लपवायची पद्धत होती, आणि अनेक नवे टीव्हीही सवयीने चित्र थोडं मोठं करून चारही बाजू छाटतात. लग्नाच्या डिस्कवर खाली कोपऱ्यात तारीख असते, ती अर्धी दिसायला लागली की हे समजावं. एलजीच्या टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगच्या जुन्या टीव्हीत ‘स्क्रीन फिट’ असे पर्याय असतात, ते चालू करावेत. चित्राच्या कडेचं छाटणं थांबतं आणि ठिपक्याला ठिपका मिळून चित्र जरा रेखीवही होतं.

काळ्या रंगाचा प्रश्न थोडा खोल आहे. सिनेमाच्या आकड्यांत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५ असा संकेत आहे, तर संगणकाच्या जगात काळा शून्य आणि पांढरा २५५. प्लेअर एक भाषा बोलत असेल आणि टीव्ही दुसरी समजत असेल, तर एक तर काळा रंग राखाडी, धुवट दिसतो, नाहीतर अंधारातलं सगळं एका डांबरात बुडून जातं. काळ्या कोटाच्या चुण्या दिसतात का हे पाहावं. दिसत नसतील तर दोन्हीकडे ‘लिमिटेड’ किंवा ‘ऑटो’ करावं. टीव्हीचं ‘व्हिव्हिड’ चित्रही बंद करावं. ते दुकानातल्या झगमगाटात उठून दिसण्यासाठी केलेलं असतं, घरात त्याने हळदीचा पिवळा नारिंगी होतो.

डीव्हीडीचं छोटं चित्र मोठं कोणी करायचं, प्लेअरने की टीव्हीने, यावर भरपूर वाद आहेत. दोन्ही करून, एकच प्रसंग दोनदा पाहून ठरवावं. माझ्या अनुभवात अलीकडच्या टीव्हीतली ताकद जुन्या स्वस्त प्लेअरपेक्षा जास्त निघाली. मात्र फुगवलेली डीव्हीडी ब्ल्यू-रे होत नाही, नसलेला तपशील कोणी निर्माण करत नाही.

सिनेमाच्या डिस्कसाठी एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, आणि आपली पाल पद्धत २५ चित्रांची. पाल डीव्हीडीवर सिनेमा घालताना तो किंचित पळवतात, म्हणून अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. आवाज दुरुस्त केलेला नसेल तर गाण्याचा सूरही अर्ध्या स्वराहून जरा कमी चढतो. ज्याचा कान तयार आहे त्याला मूळ ध्वनिमुद्रिका आणि डीव्हीडी यांतला फरक खटकतो, आणि तो कानाचा दोष नसतो. ब्ल्यू-रेवर सिनेमा मूळ २४च्या चालीने ठेवता येतो. प्लेअरमध्ये ‘२४पी’ चालू ठेवावं आणि टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, नाहीतर मोठ्या पडद्यासाठी घेतलेला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

आवाजात ‘चित्र आहे पण आवाज नाही’ ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. तिचं उत्तर बहुधा एका शब्दात असतं: पीसीएम. डिस्कवरचा आवाज डॉल्बी किंवा डीटीएस अशा पद्धतीने दाबून भरलेला असतो. प्लेअरच्या मेनूत ‘बिटस्ट्रीम’ असेल तर ते बांधलेलं गाठोडं तसंच टीव्हीकडे जातं. टीव्हीला डॉल्बी सोडवता येतं, पण पुष्कळ टीव्हींना डीटीएस सोडवता येत नाही, आणि मग शांतता. ‘पीसीएम’ केलं की गाठोडं प्लेअर स्वतः सोडतो आणि टीव्हीला सरळ आवाज देतो. डीव्हीडीवर डीटीएस ऐच्छिक असल्याने सोबत दुसरा आवाज असतोच, रिमोटवरच्या ‘ऑडिओ’ बटणाने तोही घेता येतो.

साउंडबार असेल तर रस्ते दोन. प्लेअर टीव्हीला, आणि टीव्हीकडून आवाज उलटा साउंडबारकडे. हा ‘एआरसी’चा मार्ग २००९च्या १.४ आवृत्तीत आला, तो सोयीचा आहे, पण अरुंद आहे. ब्ल्यू-रेवरचा न दाबलेला, बहुवाहिनी आवाज त्यातून मावत नाही. त्यासाठी २.१ मधला रुंद ‘ईएआरसी’ लागतो. दुसरा रस्ता म्हणजे प्लेअर थेट साउंडबारच्या एचडीएमआय खाचेत आणि तिथून टीव्हीत. साउंडबारला आत येणारी खाच असेल तर मी हाच मार्ग घेईन, कारण आवाज पूर्ण पोचतो आणि टीव्हीच्या मर्जीवर काही अवलंबून राहत नाही. बहुवाहिनी साउंडबार लावला की प्लेअरमध्ये पुन्हा ‘बिटस्ट्रीम’ करायला विसरू नये.

याच केबलमध्ये एक पहारेकरीही बसवलेला आहे. इंटेलने घडवलेलं एचडीसीपी हे संरक्षण दोन्ही यंत्रांची ओळख पटल्याशिवाय चित्र सोडत नाही. त्याची मूळ गुरुकिल्ली सप्टेंबर २०१०मध्ये इंटरनेटवर उघडी पडली आणि ती खरी असल्याचं इंटेलनेही मान्य केलं. तरी पहारा उठला नाही. ४के डिस्कसाठी २.२ ही नवी आवृत्ती लागते, आणि प्लेअर ते टीव्ही या साखळीतला एखादा जुना ॲम्प्लिफायर किंवा स्वस्त स्प्लिटर ती जाणत नसेल तर पडदा काळा राहतो. डिस्क विकत घेणाऱ्या माणसालाच याचा त्रास होतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. ब्ल्यू-रेच्या बाबतीत तर जुनी वाट नियमानेच बंद केली गेली: २०१०नंतरच्या नव्या प्लेअरमध्ये साध्या पिनांतून एचडी चित्र द्यायला मनाई झाली, आणि २०१३नंतरच्या प्लेअरमध्ये त्या पिनांतून संरक्षित चित्र पूर्ण थांबलं. ज्यांच्याकडे एचडीएमआय नसलेला धडधाकट टीव्ही होता, त्यांची वाट त्या दिवशी संपली.

तेराव्या पिनेवर चालणारी सीईसी ही सोय मात्र वयस्क माणसांच्या घरात फार उपयोगाची आहे. ती चालू असली की प्लेअरचं बटण दाबल्यावर टीव्ही आपणहून सुरू होतो, योग्य सोर्सवर जातो, आणि एकाच रिमोटने थांबवणं, पुढे नेणं जमतं. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलं आहे. सोनीकडे ब्राव्हिया सिंक, सॅमसंगकडे एनीनेट प्लस, एलजीकडे सिम्पलिंक. आईला तीन रिमोट सांभाळायला लागत असतील तर आधी हे चालू करून द्या.

एका टोकाला एचडीएमआय नसेल तर? टीव्ही नवा आणि प्लेअर जुना असेल तर आधी टीव्हीच्या पाठीमागे नीट पाहावं. पिवळी खाच नाहीशी झालेली वाटते, पण अनेकदा ती कॉम्पोनंटच्या हिरव्या खाचेतच सामावलेली असते आणि पिवळी पिन तिथे चालते. किंवा हेडफोनसारखं बारीक ‘एव्ही इन’ भोक असतं. त्यासाठी टीव्हीसोबत आलेलीच वायर वापरावी, कारण आतल्या जोडण्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. काहीच नसेल तर काही शे रुपयांची रूपांतर करणारी डबी मिळते. तिची दिशा मात्र पाहून घ्यावी. पिनांतून एचडीएमआय करणारी वेगळी, एचडीएमआयमधून पिना करणारी वेगळी, आणि एकीने दुसरीचं काम होत नाही.

परदेशातल्या मराठी घरांची अडचण आणखी निराळी. इथून पाठवलेली लग्नाची पाल डिस्क अमेरिकेतल्या प्लेअरवर लागत नाही, हे पुष्कळांनी अनुभवलं आहे. तिथली पद्धत एनटीएससी, आणि तिथल्या अनेक प्लेअरना पाल येत नाही. आपले प्लेअर बहुधा दोन्ही वाचतात. केबल डिजिटल झाली तरी हा भेद उरलाच, कारण सेकंदाला ५० वेळा येणारं चित्र काही अमेरिकी टीव्ही एचडीएमआयवरूनही नाकारतात. प्लेअरच्या मेनूत बाहेर जाणारं चित्र ‘एनटीएससी’ करण्याचा पर्याय असेल तर प्रश्न मिटतो. विकतच्या डिस्कवर प्रदेशाचं कुलूपही असतं. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या, ब्ल्यू-रेसाठी भारत ‘सी’ आणि अमेरिका ‘ए’. घरगुती डिस्कला असं कुलूप नसतं, आणि ४के डिस्कवरही नाही.

हे सगळं आत्ताच करून ठेवावं, असं मला वाटतं, कारण प्लेअर बाजारातून निघून चालले आहेत. ज्यांच्या प्लेअरचं जाणकार नाव घेत त्या ओप्पो कंपनीने २०१८मध्ये हे काम थांबवलं. सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्कांचं उत्पादन बंद केलं. घरी भरलेल्या डीव्हीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, आणि उन्हाने, उष्णतेने तो थर मरतो. डिस्क उभी ठेवावी, अंधारात ठेवावी, पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी, गोल फिरवून नाही. आणि अडखळायला लागण्याआधी तिची प्रत करून घ्यावी.

प्रत करतानाही तीच जुनी चूक टपून बसलेली असते. आमच्या डिस्कची प्रत करून घेतली तेव्हा दुकानातल्या मुलाने मनापासून मेहनत करून चित्र पडदाभर केलं होतं, कारण सगळे तसंच मागतात. प्लेअरमधली चूक मेनूत जाऊन उलटवता येते. फाइलमध्ये भरलेली चूक मात्र त्या फाइलबरोबरच पुढे जाते, नातवंडांपर्यंत. मी त्याला म्हणाले, काळ्या पट्ट्या राहू देत, चित्र दाबू नकोस, ताणू नकोस, डिस्कवर आहे तसं उतरव. त्याने दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह दिला. घरी येऊन तो टीव्हीला लावला आणि बाकी सगळं सोडून आधी मंगलाष्टकांपर्यंत पुढे नेला.